आपलं शिखर आणि ऐनवेळचे विषय

डोंगर चढायला पाय लागतात असा एक जुना समज आहे. पाय नंतर लागतात. आधी समिती लागते. समितीशिवाय जे लोक डोंगर चढले ते वर गेले आणि खाली आले एवढंच, नियोजन म्हणून त्यांच्या हातून काही घडलं नाही. ही उणीव भरून काढायचं काम सोलापुरातलं शिखरमित्र ज्येष्ठ मंडळ गेली अकरा वर्षं करत आहे.

मंडळाचे सभासद सात, गुडघे चौदा, त्यांपैकी मूळ अवस्थेतले पाच. या पाचातले दोन वैजयंतीबाईंचे. बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. आल्प्सचा धडा त्यांनी निवृत्त होईपर्यंत शिकवला आणि दरवर्षी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, "बाई, तुमी बघितलाय का?" बाई सांगायच्या, "पुढच्या वर्षी जाणार आहे." विचारणाऱ्यांपैकी काहींना आता नातवंडं झाली आहेत. बाईंना तो डोंगर नुसता बघायचा नव्हता, त्यावर उभं राहायचं होतं. आणि डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं की हे गुडघे अजून एखाददुसरं वर्ष साथ देतील, पुढचं आपण बोलायला नको.

मंडळाचं ध्येय म्हणजे स्वित्झर्लंडमधलं चार हजार मीटरचं, ज्येष्ठांना झेपेल असं मध्यम अवघड बर्फाचं शिखर. (नावाच्या उच्चारावरून दोन तट पडल्यामुळे सभेत त्याला 'आपलं शिखर' म्हणतात.) अध्यक्ष कुंडलिकराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. तरुणपणी हे सगळे मिळून सह्याद्रीचे सुळके चढायचे, तेव्हा त्यांनी एक नियम घालून दिला होता: एका दोराला बांधलेल्यांनी सगळ्यात सावकाश गड्याच्या चालीने चालायचं, कुणालाही मागे सोडायचं नाही. नियम उमदा होता. त्याने एकदा त्यांच्यातल्याच नंदूचा जीव वाचवला होता. मंडळाने तोच नियम आता सभेला लावला.

पहिल्या वर्षी नंदूचा (वय एकाहत्तर) रक्तदाब तीन हजार मीटरच्या वर यायला तयार होईना, म्हणून शिखर तीन हजारांवर आणण्यात आलं. पुढे कुंडलिकरावांची संकष्टी नेमकी डोंगरातल्या मुक्कामावर येत होती आणि तिथे साबुदाण्याची हमी मिळेना, म्हणून मुक्काम वगळला. मग एकाला थंडी सोसत नव्हती आणि दुसऱ्याला उतार. आठव्या वर्षी मोहीम विमानतळाच्या बाहेर पडेनाशी झाली. तरी 'मध्यम अवघड' हा शब्द कुणी काढला नाही, याचं मंडळाला रास्त समाधान आहे.

सरावाकडेही दुर्लक्ष झालं नाही. सोलापूरचा किल्ला भुईकोट, तो चढायचा कुठून? म्हणून नव्या पेठेतल्या एका चार मजली कापड दुकानाचे जिने मुक्रर झाले. (दुसऱ्या मजल्यावर सवलतीत चादरी लागल्याने निम्मी तुकडी तिथेच थांबली. दोराचा नियम असल्यामुळे उरलेली निम्मीही थांबली.) बर्फावर चालायची सवय हवी म्हणून ऐन मे महिन्यात बर्फाच्या कारखान्यातून लाद्या आणून शाळेच्या पटांगणावर अंथरल्या. बुटाला लावायच्या लोखंडी काट्यांवर कुंडलिकरावांनी आधी प्रास्ताविक केलं, नंदूने आभार मानले, आणि पायाखाली पाहतात तो चिखल. हिमनदी डोळ्यांदेखत वितळताना पाहिलेलं जिल्ह्यातलं हे एकमेव मंडळ असावं.

यंदाच्या सभेत शहाजीने अडचण कायमची सोडवली. शहाजी मंद्रूपचा, मंडळातला एकमेव बागायतदार.

"एवढ्या लांब कशाला जायाचं? माझ्या शेतावर या की. टेकाड हाय, वर पाण्याची टाकी हाय. खोलीत एशी लावतो सोळावर. भिंतीवर आल्प्सचा पिच्चर लावू. लई गार वाटतंय बघा."

"पांघरायला?" नंदूने विचारलं. त्याला थंडीची काळजी होती.

"चादरी हायत की नव्या पेठेतल्या!"

ठराव टाळ्यांच्या गजरात पुढे आला. टाळ्या थांबल्यावर वैजयंतीबाई उठल्या. त्या भयंकर चिडल्या होत्या.

"एकटीने जायला मंडळाची बंदी आहे का?"

अकरा वर्षांत गुडघा, पित्त, व्हिसा, जावई अशा सर्व अडचणींवर चर्चा झाली होती. कुणीतरी खरंच जाईल ही शक्यता मात्र कुणी धरली नव्हती.

"अहो बाई," कुंडलिकराव कळवळून म्हणाले, "एकटीला दोर कसा बांधणार? दुसरं टोक कोण धरणार?"

"तिथे वाटाड्या मिळतो. त्याचे दोन्ही गुडघे मूळचे आहेत."

बाई स्वित्झर्लंडला गेल्या. त्याआधी त्या जुने जाडजूड नकाशासंग्रह पाठीवर घेऊन आपल्या इमारतीचे जिने चढत-उतरत होत्या. शेजारच्या बजाबाई रोज दारात उभं राहून विचारायच्या, "आज कुटं निगाला?" बाईंचं उत्तर ठरलेलं, "वर."

आणि ऑगस्टमधल्या एका रविवारी, सकाळी, त्या आपल्या शिखरावर उभ्या होत्या. खरोखर चार हजार मीटरवर. खाली ढग होते, आणि फळ्यावर खडूने काढलेल्या साऱ्या रांगा नीट जागच्या जागी होत्या. त्यांना रडू आलं. आनंद झाला होता, आणि स्वतःचा रागही आला होता, की हे दहा वर्षांपूर्वीही इथेच होतं. मग त्यांना मंडळाची आठवण झाली. माणसं कशीही असली तरी दोर त्यांच्याबरोबर बांधलेला. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला.

सोलापुरात सभा चालू होती.

"बाई, अभिनंदन!" कुंडलिकराव कुजबुजले. "पण आत्ता मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करतोय. तुम्हाला ऐनवेळच्या विषयात घेतो. फोन चालू ठेवा."

"मी शिखरावर आहे!"

"हो ना, म्हणूनच. असं मधेच घेतलं तर नोंद होणार नाही."

बाई थांबल्या. इतिवृत्त वाचून झालं, त्यात नंदूने दुरुस्ती सुचवली. वाटाड्याने ढगांकडे बोट दाखवलं. मंद्रूपच्या एसीवर चर्चा सुरू झाली. वाटाड्याने दोराला हलकासा झटका दिला. बाईंनी फोन खिशात घातला आणि उतरू लागल्या. ऐनवेळचा विषय आला तेव्हा पडद्यावर खिशातला अंधार होता. मंडळाने त्यालाच उभं राहून टाळ्या वाजवल्या.

परतल्यावर बाईंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. (शाल उपयोगी पडली, सभागृहात एसी सोळावर होता.) कुंडलिकरावांचे डोळे भरून आले होते. ते बाईंचा हात धरून म्हणाले, "मला दाखवा हो फोटो, सगळे दाखवा," आणि एकेक फोटो बराच वेळ पाहत राहिले. त्यांचे दोन्ही गुडघे मूळचे आहेत हे त्या दिवशी पहिल्यांदा उघड झालं. मग ते सावरले आणि अनुभवी सभासद म्हणून बाईंना पुढच्या वर्षीच्या नियोजन समितीचं प्रमुखपद देण्याचा ठराव त्यांनी मांडला.

बाईंनी नम्रपणे नकार दिला. त्यांना पुढच्या वर्षी वेळ नव्हता. गुडघे अजून चालत होते आणि डोंगर बरेच होते.

त्यामुळे ते पद रिकामं राहिलं आहे. अर्ज मागवण्याची मंडळाची पद्धत नाही. पण हे वाचताना आपणही एक जागा आठवलीत, लगोलग कुणाचं तरी लग्न, गुडघा किंवा कर्जाचा हप्ता आठवलात, आणि मनातल्या मनात 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणालात. मंडळाने ते ऐकलं आहे. आपली निवड बिनविरोध झाली असून पहिली सभा येत्या रविवारी आहे.