फिरून आलेलं सूप

अंगात कसर आहे, ही थाप तिने बाबांच्या दारातच मारली आणि सुपाचं पातेलं त्यांच्या हातात दिलं.

"आत तरी ये," बाबा म्हणाले.

"नको, तुम्हाला लागायचं. गरम आहे तोवर घ्या."

आई गेल्यापासून ती त्या घरात बसलीच नव्हती. यायची, उभ्या उभ्या औषधं द्यायची, निघायची. आत टेबलापाशी आईची खुर्ची होती, पाठीवर आईचा स्वेटर तसाच. तिकडे नजर गेली की तिला पुढचं वाक्य सुचायचं नाही.

पण काल उपासनेत पाळकसाहेबांनी थेट तिच्याकडे बघत सांगितलं होतं, की घरच्या माणसांवर प्रेम करणं, त्यांना सांभाळणं हे विश्वासाचं पहिलं काम. ते टाळून केलेली भक्ती प्रभूला पोचत नाही. खरं तर पाळकसाहेब सगळ्यांकडेच थेट बघत, कारण त्यांना लांबचं दिसत नसे. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, त्यांचा नंबर तिनेच काढला होता. तरीही बोल लागायचा तो लागलाच.

म्हणून सूप. आईच्या पातेल्यात, आईच्या पद्धतीने. बाबा शिंपी. हात भाजू नयेत म्हणून पातेल्याच्या दोन्ही कानांना त्यांनी चौकडीच्या कापडाची टोपडी शिवली होती, आणि झाकणाची मूठ तुटली तेव्हा तिथे दोऱ्याचं लाकडी रीळ बसवलं होतं.

आज सोमवार, चष्म्याचं दुकान बंद. दुपारी ती स्टुलावर चढून खिडक्या पुसत होती, तेवढ्यात बेल वाजली. दाराच्या भिंगातून पाहिलं तर पाळकसाहेब आणि पाळकीणबाई. तिने फडकं भिरकावलं, गळ्याला मफलर गुंडाळला आणि खोकत दार उघडलं.

"अगं, उठलीस कशाला? झोप आधी," पाळकीणबाईंनी तिला पलंगाकडे ढकललं. "तुझ्या बाबांचा फोन आला. पोरगी एकटी आहे, तापाने फणफणलीय म्हणाले. आवाज कसा झाला होता त्यांचा."

सकाळची कसर दुपारपर्यंत एवढी वाढली होती. पांघरुणावर पांघरूण पडलं. पाळकसाहेबांनी प्रार्थना सुरू केली. आधी ताप घेतला, मग छाती, मग सांधे, आणि शेवटी तिला अजून न झालेल्या आजारांकडे वळले. ती मफलरात घामाघूम झाली.

पाळकीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, घाम सुटला हिला. ताप उतरतोय."

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. आपल्या प्रार्थनेचा इतका झटपट गुण त्यांनाही नवीन असावा.

"आता हे घे," म्हणत पाळकीणबाईंनी पिशवीतून एक पातेलं काढलं. वर ताटली, ती रुमालाने बांधलेली. कानांना चौकडीची टोपडी.

ती बघतच राहिली. "हे... कुठून आलं?"

"हेडबाईंनी दिलं. तुझ्या बाबांच्या शेजारच्या. त्यांना रक्तदाब, मीठ बंद. म्हणून मी न चाखताच दोन चमचे घातलं."

पहिला घोट घेताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा, किती मनाला लागलं तिच्या," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "संपव बाई सगळी वाटी."

खोटं बोलल्याची शिक्षा इतकी ताजी आणि इतकी गरम मिळते, हे तिला माहीत नव्हतं. तिने वाटी संपवली.

ते गेल्यावर ती पातेलं घेऊन तडक बाबांकडे निघाली. जिन्यात हेडबाई भेटल्या. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी त्या समोरच्याला उभं करूनच बोलत.

"ताप ना तुला?"

"उतरला."

"आणि हे पातेलं तुझ्याकडे कसं? बाबांनी मला दिलं होतं. मला अळणी लागलं, मीठ घातलं. मग आठवलं, मला बंद आहे. टाकून कसं देणार? दिलं पाळकांकडे."

म्हणजे बाबांनी ते खाल्लंच नव्हतं. ते तिला मिठापेक्षा जास्त झोंबलं. दार लोटून ती पहिल्यांदाच थेट टेबलापर्यंत गेली.

"आवडलं नव्हतं तर सांगायचं होतं, बाबा."

बाबा चपापले. टेबलावर दोन वाट्या मांडलेल्या होत्या, शेजारी रिळाची मूठ असलेलं झाकण.

"आवडलं नाही कोण म्हणालं?" ते म्हणाले. "मीठ कमी होतं. तुझ्या आईच्या हातालाही मीठ कमीच. ती आत वळली की मी गुपचूप घालायचो. आज तसंच घातलं, ढवळलं, एक घोट घेतला. हुबेहूब तिचं. मग एकट्याने जाईना गं. म्हणून देऊन टाकलं."

"आणि झाकण?"

"ते ठेवून घेतलं. झाकण मागायला तरी आत येशील, म्हटलं."

ती वाट्यांकडे बघत राहिली. "ही दुसरी आईची?"

"तिला कशाला लागतेय आता," बाबा म्हणाले. "तुझी. रोज मांडतो."

बसायला रिकामी एकच खुर्ची होती, आईची. तिने स्वेटर उचलला, मांडीवर घेतला आणि बसली. बाबांनी सूप वाढलं, चमचा तोंडात घातला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"कुणी घातलं एवढं मीठ?"

"सगळ्यांनीच, बाबा. प्रेमाने."

बाबांनी उठून पातेलं शेगडीवर ठेवलं आणि तांब्याभर पाणी ओतलं. चाखलं. आणखी एक तांब्या ओतला. पातेलं काठोकाठ भरलं.

"आता बरं लागतंय," ते गंभीरपणे म्हणाले. "पण आठवडाभर दोघांना पुरेल. आणि हेडबाईंना तर देता येत नाही."

तिने झाकण उचलून पातेल्यावर ठेवलं.