मामलेदारांची खिडकी

"आत्या, कुत्र्याची सीट भरावी लागंल."

"भरते की. पण खिडकीची दे. त्याला बघायचं असतंय."

अणदूरच्या थांब्यावर काळीपिवळी जीप उभी होती आणि मी मागच्या बाकावर कागदांची फाईल धरून बसले होते. मला वाटलं, थट्टा चाललीय. पण ड्रायव्हर सलीमभाईंनी खिडकीजवळच्या माणसाला खरंच सरकायला सांगितलं. बनाआत्या चढल्या. राखाडी रंगाचं जाडजूड कुत्रं अर्धं त्यांच्या मांडीवर आणि अर्धं शेजाऱ्याच्या पिशवीवर स्थिरावलं. सरकलेला माणूस म्हणाला, "रामराम, मामलेदार." मामलेदारांनी लक्ष दिलं नाही.

बनाआत्या आमच्या शेजारीण. वडिलांची इथं बदली झाली, त्याला तेव्हा महिनाच झाला होता. मी घरातूनच कॉम्प्युटरवर काम करते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे गावातलं बोलणं मला जरा उशिरा कळतं, आणि कळेपर्यंत उत्तर द्यायची वेळ निघून गेलेली असते.

आत्यांनी जन्मभर मेंढरं राखली. सात वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हा मेंढरं विकली. कळपाबरोबरचं कुत्र्याचं एक पिल्लू तेवढं कुणी घेतलं नाही. त्याचं नाव मामलेदार का, असं आईनं विचारलं तेव्हा आत्या म्हणाल्या, "आल्यापासनं नुसता बसतोय आन समद्यांना उभं करतोय. दुसरं काय ठेवू?"

या मामलेदारांना आत्या प्रत्येक मोसमात फिरायला नेत. पावसाळ्यात नळदुर्गच्या बंधाऱ्यावरून पडणारं पाणी. उन्हाळ्यात रामलिंगच्या रानातला पळस. हुरड्याच्या दिवसांत तुळजापूरचा घाट. घाटात त्या मध्येच जीप थांबवायच्या. भाविक ओरडायचे, "आत्या, देऊळ वर हाय!"

"ठावं हाय. मामलेदाराला खालची ज्वारी बघायचीय."

इथं कुणी रस्त्यात भेटलं की कसं आहे, बरं आहे का, असं विचारत नाहीत. "काय काम काढलं?" असं विचारतात. उत्तरं ठरलेली : दवाखाना, बँक, लग्न, देव. मी म्हणूनच फाईल घेऊन निघते. आत्यांचं उत्तर मात्र वेगळं होतं. "काम मामलेदाराचं हाय. म्या नुसती संगं."

एकदा आईनं चिडवलं, "आत्या, कुत्र्याला कशाला हो एवढं पर्यटन?"

"आपला खंडोबा देव असून वरसातनं दोन महिने नळदुर्गाला जाऊन ऱ्हातो. त्याच्यासंगं कुत्रं असतंयच की. त्याला कोण इचारतं, काय काम काढलं?"

आई हसली आणि चहा टाकायला आत गेली.

त्या पहिल्या दिवशी नळदुर्गमधलं माझं काम लवकर आटोपलं आणि मी लांबून त्यांच्या मागं गेले. आत्या पाण्यासमोरच्या खडकावर बसल्या होत्या. समोर पाणी कोसळत होतं आणि मामलेदार पाण्याकडं पाठ करून आत्यांकडं बघत बसले होते. आत्यांनी त्यांना कमरेला धरून वळवलं. ते परत फिरले. पुन्हा वळवलं, पुन्हा फिरले. मग आत्यांनी नाद सोडला आणि एकट्याच बघत राहिल्या. कितीतरी वेळ. तोंड किंचित उघडं होतं.

परतताना जीपमध्ये त्या सगळ्यांना सांगत होत्या, "लई आवडलं त्याला. पाणी आजून चढाया पायजे म्हणतोय."

मी गोंधळले. कुत्र्यानं पाण्याकडं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बाई खोटं बोलतात, की त्यांना खरंच तसं वाटतं, की कुत्र्यांबद्दल मलाच काही माहीत नाही? वर्षभर मी हा प्रश्न घेऊन हिंडले. विचारलं कुणालाच नाही.

यंदा श्रावणात मामलेदारांचे मागचे पाय गेले. उभे राहायचे आणि बसायचे. सलीमभाई रोज जीप हळू करून ओरडायचे, "आत्या, बंधाऱ्याचं पाणी जोरात हाय!"

"मामलेदाराची विच्छा न्हाय," आत्या दारातून सांगायच्या.

पण मला भिंतीवरून दिसायचं. आत्या रोज सकाळी बाहेर जायचं ठेवणीतलं लुगडं नेसायच्या आणि दुपारी बदलायच्या. असे आठ दिवस गेले. पाऊस ओसरत होता. पाणी काही कुणासाठी थांबणार नव्हतं.

शेवटी मी भिंतीपाशी गेले. "आत्या, तुम्ही एकट्याच जाऊन या की."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच कुत्र्यासाठी सीट मागितली होती.

"एकली? आन काय काम काढलं म्हणले तर काय सांगू? मेंढरं होती तवा रानोमाळ हिंडले, कुणी इचारलं न्हाय. आता बाई नुसतं पाणी बघाया चालली म्हणू? हासतील की गं, पोरी." मग त्या मामलेदारांचे कान खाजवत राहिल्या. "ह्याला बिचाऱ्याला पाणी काय आन फुपाटा काय, समदं सारखंच. पण सात वरसं माझ्यापायी खिडकीला बसला."

दुसऱ्या दिवशी मी फाईल घेऊन त्यांच्या दारात गेले. म्हणाले, मला नळदुर्गला झेरॉक्स काढायचीय, एकटीला नको वाटतं, सोबत चला. झेरॉक्सचं दुकान आमच्या घरासमोरच आहे. आत्यांनी दुकानाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि चपला घातल्या. मामलेदारांना आमच्या ओट्यावर पोतं अंथरून दिलं. आईनं लांबूनच काठीनं भाकरी पुढं सरकवली.

थांब्यावर सलीमभाईंनी आत्यांच्या मागं वाकून पाहिलं. "मामलेदार न्हाय? मग आज काय काम काढलं, आत्या?"

सगळी जीप वळली. आत्यांनी पदर सावरला. "हिचं..." म्हणाल्या, आणि थांबल्या. माझी फाईल रिकामी होती. ती दोन्ही हातांनी धरून मी त्यांच्याकडं पाहिलं. जीपभर माणसं होती आणि आत्यांचं तोंड तसंच किंचित उघडं होतं, फक्त समोर पाणी नव्हतं.

"काही काम नाही," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. "पाणी बघायला चाललोय. खिडकी आत्यांना द्या."