सरासरी गोड पाणी

पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. पण ते कागदावर नव्हतं. म्हणून सरकारने अकोल्याला एक खास कचेरी उघडली. चाळीस गावांच्या पाण्याची सरासरी काढायची, ती खारी निघाली की तलाव मंजूर. निंबखेडच्या मैनाबाईला हायसं वाटलं. तिची सून सुभद्रा सातव्या महिन्यातही दोन कोसांवरच्या झऱ्यावरून घागरी वाहत होती.

शिपाई बाटली घेऊन दारात आला. मैनाबाईने ती कोपऱ्यातल्या पाहुण्यांसाठी झऱ्याचं पाणी राखलेल्या माठातून भरली. त्या माठाला घरचं माणूस हात लावत नसे.

"आत्याबाई, पानी तं विहिरीचं पायजे ना?" सुभद्रा म्हणाली.

"सायबाच्या बाटलीत खारं भरू काय? गावाची इज्जत जाईन."

बाकीच्या एकोणचाळीस गावांनाही इज्जत होतीच. सरासरी गोड निघाली.

मैनाबाई विहिरीचं पाणी घेऊन कचेरीत गेली. भगवंतराव कारकुनाने ते तपासलं आणि बाजूला सारलं. "बाई, चाळीस नमुने एकीकडे आणि हा एकटाच दुसरीकडे. शास्त्रात अशा आकड्याला चूक म्हणतात."

"अन् सरासरी म्हंजे काय, बाबू?"

"सगळ्यांचं एकत्र करायचं आणि सगळ्यांना सारखं वाटायचं."

"मंग वाटा ना. माह्या वाट्याची घागर भरून द्या."

अशी तरतूद नव्हती. उलट घरोघरी गोड पाणी असताना बायका दोन कोस चालतात, हा श्रमाचा अपव्यय असल्याचं कचेरीच्या ध्यानात आलं. झऱ्याला कुंपण घालून तो सरकारी मुक्कामासाठी राखून ठेवण्यात आला.

आठवड्याने कचेरीचे साहेब स्वतः मैनाबाईच्या घरी पाहणीला आले. ऊन मी म्हणत होतं. पाहुण्यांच्या माठाच्या तळाशी जेमतेम पेलाभर पाणी उरलं होतं. सुभद्रेचे ओठ फुटले होते. मैनाबाई माठापाशी बराच वेळ उभी राहिली. तिला रडू आलं, रागही आला. मग तिने पेला भरला आणि साहेबांपुढे धरला.

"पाव्हन्याले नाही कसं म्हनावं," ती सुनेकडे न बघता म्हणाली.

साहेब घटाघटा प्याले आणि कचेरीचा निष्कर्ष बिनचूक असल्याचा शेरा त्यांनी तिथेच मारला.

तुम्हीही कधी त्या बाजूला गेलात, तर पाण्याची काळजी करू नका. तुम्हालाही त्याच माठातलं मिळेल. आणि घरी परतल्यावर तुम्हीही चारचौघांत सांगाल, खारपाणपट्ट्यातले लोक उगाच बोंबलतात.