लिनक्सवरचा लग्नाचा अल्बम

आष्टीत लग्नाचा अल्बम करावा तर मीच, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगते. आमचे हे, म्हणजे रामेश्वर, फोटो काढतात आणि कॉम्प्युटरवर पानं मी लावते. कुठल्या मावशीला कुठल्या आत्याशेजारी बसवायचं नाही, हे माझ्याइतकं कुणाला कळत नाही. म्हणून बबनरावांना मी बेधडक सांगून टाकलं, "तुमच्या सायलीचा अल्बम शुक्रवारी तुमच्या हातात."

शुक्रवारी सायलीला न्यायला तिच्या सासरची माणसं येणार होती. त्यांच्यासमोर अल्बम उघडायचा, असा बबनरावांचा बेत होता.

मी दुकानात येऊन कॉम्प्युटर लावला, तर पडद्यावर भलतंच काही. माझं अल्बमचं सॉफ्टवेअर गायब.

"हे काय करून ठेवलंय?"

"व्हायरस शिरलता. विंडोज काढून लिनक्स टाकलं," हे म्हणाले. चेहरा असा, की दारात नवी म्हैस बांधलीय. "फुकट हाय. आन लई फास्ट."

"आन माझं सॉफ्टवेअर?"

"ते विंडोजवरच चालतं." जरा थांबून म्हणाले, "पन हितंबी चालवता येतंय म्हन."

त्या 'म्हन'नं माझं डोकं फिरलं. लग्नाचे फोटो पेन ड्राइव्हवर होते म्हणून वाचले, आणि हेही वाचले.

चालवायचं म्हणजे काय, तर लिनक्सला विंडोजचं सोंग घ्यायला लावणारा एक प्रोग्राम आधी टाकायचा आणि त्याच्या पोटात माझं सॉफ्टवेअर. पहिल्यांदा ते उघडलंच नाही. मग उघडलं, तर सगळी बटनं एकमेकांच्या मांडीवर बसलेली. मी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, आधी विंडोजचं स्टार्ट बटन दाबा."

"विंडोज न्हाई दादा, लिनक्स हाय."

"बरं बरं. मग स्टार्ट बटन दाबा."

"ते असतं तर तुमाला फोन कावून केला असता?" मी फोन आपटला.

शेवटी एकदाचं ते चाललं, पण पान दाखवणारी खिडकी काळीकुट्ट. फोटो ओढून आत टाकायचा आणि बसला असं समजायचं. आंधळ्यानं रांगोळी काढावी तसा मी अल्बम लावला. शेवटी सॉफ्टवेअरनं विचारलं, काही चौकटी रिकाम्या आहेत, आपोआप भरू का? मी रागारागात 'हो' दाबलं आणि फाइल छपाईला पाठवून दिली.

शुक्रवारी पार्सल उशिरा आलं. पाहुणे बबनरावांकडं येऊन बसले होते, त्यामुळं आम्ही ते न उघडताच तिकडं नेलं. बैठकीत व्याही विठ्ठलराव, त्यांच्या आई सावित्रीबाई आणि जावई बजरंग. बबनराव एकेक पान उलटत होते. हळद सुरेख, मांडव सुरेख. मी पदर सावरून ऐटीत बसले.

पुढचं पान उलटलं. वर सोनेरी अक्षरांत 'आमचे जावईबापू' आणि खाली दोन्ही पानं भरून एक बोकड. काळाभोर, लांब कानांचा, दाढीवाला, गळ्यात झेंडूचा हार.

तो तात्याबा धनगराचा बोकड होता. विकायला काढला होता, म्हणून यांनी त्याच आठवड्यात त्याचे फोटो काढून लिनक्स टाकलेल्या कॉम्प्युटरवर ठेवले होते. जावयाचा फोटो त्या काळ्या खिडकीत बसलाच नव्हता, आणि सॉफ्टवेअरनं रिकाम्या जागी हाताला लागलं ते घातलं होतं.

"विजयमालाबाई," बबनराव हळू आवाजात म्हणाले, "हे काय हाय?"

मी पान उलटायला हात पुढं केला. तेवढ्यात हे बोलले, "ह्यात लिनक्सचा दोष न्हाई. सॉफ्टवेअर तर चाललं ना."

"तुमी गप बसा!" भरल्या बैठकीत मी नवऱ्यावर ओरडले.

सावित्रीबाईंना कमी दिसतं. त्यांनी अल्बम डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "बजरंगा, दाढी कवा ठिवली रं?"

सायलीनं तोंडात पदर कोंबला. विठ्ठलराव खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. बबनराव मात्र लाल झाले होते. "नवा अल्बम करा, आन पाव्हन्यांच्या घरी स्वतः नेऊन द्या. न्हाईतर तुमचं दुकान हाय आन मी हाय."

शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडं विंडोज होतं. तिथं बसून मी अल्बम पुन्हा लावला, प्रत्येक माणूस माणूसच आहे याची खात्री केली, आणि आम्ही दोघं तो घेऊन विठ्ठलरावांच्या गावी गेलो. सावित्रीबाईंनी जावईबापूंचं पान डोळ्यांजवळ धरलं.

"ह्यो कोन?"

"मीच की आजी," बजरंग म्हणाला.

त्यांनी अल्बम मिटून माझ्याकडं दिला. "आदीचा बरा आलता बाई."

आम्ही मोटारसायकलवरून परत निघालो. गाव मागं पडल्यावर हे म्हणाले, "बघ, म्हातारीला लिनक्सवरचाच आवडला."

मी गाडी थांबवायला लावली आणि आष्टीपर्यंत चालत आले.