बाब क्रमांक एक: पोहणे

“आजोबा, तुम्हाला काहीच काम नसतं, तर वर्ष संपलं हे तुम्हाला कळतं कसं?”

हा प्रश्न मी विचारला असला, तरी तो माझ्या एकटीचा नाही. शाळेच्या जिन्यावर, मधल्या सुट्टीत, चार जणींच्या सभेत तो एकमताने मंजूर झाला. तो विचारायची माझी छाती होणार नाही, अशी पैजही लागली. (पैज लावणारीला आम्ही भोंगा म्हणतो. तिचं खरं नाव आता शिक्षकांनाही हजेरीपटात बघावं लागतं.) वर्षापूर्वी मी ही पैज हरले असते. यंदा नाही.

आजोबांनी प्रश्न पूर्ण ऐकला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “लेखी दे.”

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. निवृत्ती ही मनुष्याच्या आयुष्यातली सर्वांत धावपळीची अवस्था होय. तिच्याआधी कशाला वेळ नसतो, तिच्यानंतर कशाला सवड नसते. मधे एक दिवस भाषणं होतात आणि भिंतीवरचं घड्याळ भेट मिळतं, तेवढीच काय ती उसंत.

आमचे आजोबा एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागाचे प्रमुख होते. म्हणजे कचेरीत येणारा आणि कचेरीतून जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या वहीत नोंदला जाई. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कागद हरवला नाही. निरोपसमारंभात ही गोष्ट तीन वक्त्यांनी सांगितली. एखादा कागद पुढे गेला का, हे कोणी विचारलं नाही. प्रसंग आनंदाचा होता.

सात वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि आमच्या घराचा कारभार सुधारला. त्याआधी आमच्याकडे कोणाला काही हवं असलं की तो स्वयंपाकघरातून ओरडून सांगे आणि दुसरा बाहेरच्या खोलीतून ओरडून नाही म्हणे. अगदीच रानटी पद्धत. आता प्रत्येक विनंती आजोबांच्या निळ्या डायरीत जाते. तिला क्रमांक मिळतो, तारीख मिळते, आणि समोर शेरा मिळतो: “बघू.” सात वर्षांत या घरात एकही विनंती नाकारली गेलेली नाही. एवढं दयाळू घर दुसरं दाखवा.

चालू वर्षाचे आकडे बोलके आहेत. आलेल्या विनंत्या त्रेसष्ट. नाकारलेल्या शून्य. मंजूर दोन (न्हाणीघरातला दिवा बदलणे, हा अंधारात खुद्द आजोबा घसरल्यावर, आणि आजोबांसाठी नवी डायरी आणणे). विचाराधीन एकसष्ट. यात स्वयंपाकघराच्या खिडकीची निखळलेली कडी आहे. आईचं पुस्तकांचं कपाट आहे. “रविवारी मला कोणी उठवू नये” हा बाबांचा अर्ज आहे, त्यावर आजोबांनी बाबांना रविवारी सकाळी सहाला उठवून खुलासा मागवला होता. मला मैत्रिणींबरोबर सायकलने शाळेत जाऊ द्यावं, ही माझी विनंती दोन वेळा नोंदलेली आहे, कारण पहिलीचा विचार चालू असताना सायकल मला लहान झाली.

आणि सगळ्यांच्या वर, लाल शाईत, बाब क्रमांक एक. अर्जदार: आजी. मजकूर: पोहणे.

आजीला पोहायला शिकायचं आहे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी तिनं हे सांगितलं तेव्हा आजोबा म्हणाले, “मुलं मोठी होऊ देत, मग बघू.” मुलं मोठी झाली. इतकी, की त्यातला एक माझा बाबा झाला. मग आजोबा म्हणाले, “मला रिटायर होऊ दे गं, मग काय, वेळच वेळ.” झाले रिटायर. त्यानंतर ही बाब सात वेळा पुढल्या वर्षीच्या डायरीत गेली, दरवेळी सुवाच्य अक्षरात, खाली पट्टीनं रेघ मारून. घरातल्या दुसऱ्या कुठल्याही इच्छेची एवढी बडदास्त राखली गेलेली नाही. आजी आता अडुसष्ट वर्षांची आहे. रोज सकाळी ती बेसिनमध्ये पाणी भरते, त्यात तोंड बुडवते आणि श्वास रोखून मनात आकडे मोजते. आजोबांकडे याची नोंद “पाण्याचा अपव्यय, कारण अज्ञात” या सदरात आहे.

माझ्या लेखी प्रश्नाचं उत्तर बावीस डिसेंबरला, घरच्या वर्षअखेर सभेत मिळालं. सभा जेवणाच्या टेबलावर भरते. आजोबांनी जुनी डायरी उचलून शेवटचं पान सगळ्यांना दाखवलं.

“वर्ष संपलं हे मला असं कळतं. पानं संपतात.”

मग त्यांनी नवी डायरी उघडली आणि जुनीतल्या विचाराधीन बाबी तिच्यात उतरवायला घेतल्या. या कामाला नऊ दिवस लागतात. यालाच निवृत्तांचं वर्षअखेरचं चिंतन म्हणतात. ज्यांना ते रिकामं बसणं वाटतं, त्यांनी एकसष्ट बाबी एकदा सुवाच्य अक्षरात उतरवून पाहाव्यात.

“बाब क्रमांक एक,” आजोबांनी वाचलं. “पोहणे. अगं, हे अजून हवंय का तुला?”

“अहो, नको कधी म्हणाले मी?”

“तसं नव्हे. पण या वयात? तुझे गुडघे?”

“डॉक्टर म्हणाले, पाण्यात गुडघ्यांवर भार येत नाही. उलट बरं वाटेल म्हणाले.”

“तसं लेखी आहे?”

आजीनं पर्समधून चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे ठेवली. आजोबा गांगरले. त्यांच्या समोर कागदपत्रं पूर्ण असलेलं प्रकरण बहुधा पहिल्यांदाच आलं होतं. त्यांनी चिठ्ठी उलटसुलट पाहिली, उजेडात धरली.

“वा!” ते म्हणाले. “म्हणजे आता अडचण अशी काहीच उरली नाही. आता निवांत बघू.”

“खरंच आई, थंडीत कशाला घाई?” माझी आई म्हणाली. “उन्हाळ्यात बघा ना.”

“मी रिटायर झालो ना, की मीच नेईन तुला रोज,” बाबा म्हणाले. (बाबा चौदा वर्षांनी निवृत्त होणार आहेत. आजी तेव्हा ब्याऐंशीची असेल. पण बोलण्यातलं प्रेम बघावं, बेरीज बघू नये.)

“तलाव बंद होतोय,” आजी म्हणाली. “जानेवारीची बॅच शेवटची, तिचे अर्ज एकतीसपर्यंतच. मग दोन वर्षं दुरुस्ती.”

“मग तर फारच छान! दुरुस्त झाल्यावरच जाऊ की,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी रेघ मारायला पट्टी घेतली.

आजीनं चिठ्ठीची घडी केली, घडीची आणखी घडी केली, आणि टेबलावरचे पेले उचलायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं बेसिनमध्ये पाणी भरलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आजोबांनी “अपव्यय थांबला” अशी समाधानकारक नोंद केली.

माझं डोकं तेव्हाच फिरलं होतं. पण निर्णय झाला तो एकतीस तारखेला दुपारी. बाजाराची यादी लिहायला मला कोरा कागद हवा होता, म्हणून मी नवी डायरी मागून उघडली. तिथे आजोबांनी दूरदृष्टीनं आम्हा सगळ्यांची पानं आधीच आखून ठेवली होती. बाबा: चित्रं काढणे, निवृत्तीनंतर. आई: एकटीने प्रवास, निवृत्तीनंतर. आणि तिसऱ्या पानावर माझं नाव. नात: सायकल. समोर त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं: शिक्षण, नोकरी, मुलं मोठी, निवृत्ती, मग बघू.

मी बोटांवर मोजलं. बोटं कमी पडली.

“आजी,” मी म्हणाले, “चप्पल घाल.”

तलाव आमच्या गल्लीच्या टोकाला आहे. चालत सात मिनिटं, आजीच्या गुडघ्यांनी बारा. चाळीस वर्षांत ते अंतर वाढलेलं नाही. अर्जांच्या खिडकीपाशी नियमांचा फलक होता: साठ वर्षांवरील व्यक्तीसोबत घरातली एक तरुण, जबाबदार व्यक्ती हवी. सोळा वर्षांखालील व्यक्तीसोबत घरातली एक ज्येष्ठ, जबाबदार व्यक्ती हवी. मी पंधरा वर्षांची आहे. आम्ही दोन अर्ज भरले आणि एकमेकींच्या अर्जावर सह्या केल्या.

खिडकीतल्या बाईंनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवून वाचले. “म्हणजे तुमची जबाबदार ही, आणि हिची तुम्ही?”

“हो.”

“पोहायला कोणाला येतं?”

“कोणालाच नाही,” आजी म्हणाली. तिचा आवाज जरासा चढलेला होता.

“अहो मग बुडायला लागलात तर कोण कोणाला धरणार?”

“ते अर्जात विचारलेलं नाही,” मी म्हणाले.

बाईंनी अर्ज पुन्हा पाहिला. खरंच विचारलेलं नव्हतं. पाचला दहा कमी असताना दोन शिक्के पडले.

घरी येऊन आजीनं पावती आजोबांपुढे ठेवली आणि म्हणाली, “अहो, नोंद करून घ्या.” आजोबांनी पावती तीनदा वाचली. शेऱ्याच्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी “निकाली” हा शिक्का शोधायला तिन्ही खण उपसले. तळाशी तो सापडला, दुकानाच्या वेष्टनासकट. त्याला कधी शाईच लागली नव्हती. आजोबा शाईचं पॅड शोधायला उठले. आजी बेसिनकडे गेली आणि नळ सोडल्याचा आवाज आला.

वाचणाऱ्यांनी आजोबांना हसायला हरकत नाही. आम्हीही हसतो. पण मघाशी तुमच्याही मनात एक गोष्ट येऊन गेलेली आहे, एवढं अमुक झालं की करू अशी, किंवा घरातल्या कोणाला तरी करू देऊ अशी. तिचा क्रमांक काय? तारीख? सांगता येणार नाही. आमच्याकडे निदान लिहून तरी ठेवतात.

साडेसहाला आईबाबा कामावरून आले. त्यांनी पाणी पिईपर्यंत मी थांबले, मग दोघांना टेबलाशी बसवलं.

“आई, बाबा, मी निवृत्त होते आहे,” मी म्हणाले. “उद्यापासून, रोज चार ते पाच. वय पंधरा, गुडघे उत्तम. शिक्षण आणि नोकरी पाण्यातून बाहेर आल्यावर करीन, त्याला अख्खं आयुष्य पडलंय. आजी माझ्याबरोबर आहे. तुम्हालाही यावंसं वाटत असेल तर वाटू दे, पण खिडकी पाचला बंद झाली.”