अंगझडतीस नकार

हवालदार आकाराम जयसिंगरावांच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हा त्याचा उजवा डोळा लालबुंद झाला होता. समोरच्या बयाबाईंच्या घरात चोरीची पाण्याची मोटर शोधताना त्यानं वर्षभराच्या लाल चटणीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि त्याच हातानं डोळा चोळला. गल्लीला तेवढंच समाधान.

जयसिंगरावांचं डोकं सकाळपासून तापलं होतं. मोटर गेली पलीकडच्या बंगल्यातली, आणि कपाटं उपसली जात होती ह्या गल्लीतली! अख्खी गल्ली त्यांच्याकडून अर्ज लिहून घ्यायची, त्यांना साहेब म्हणायची. पण एकदा पोलीस घर उपसून गेला, की काही सापडलं नाही हे कुणाच्या लक्षात राहत नाही. पोलीस आला होता, एवढंच राहतं.

"सरका बाजूला. झडती हाय."

"लेखी हुकूम दावा."

"फौजदार सायबांनी तोंडी सांगितलंय."

"आनि दुसरा पंच?"

हवालदारामागं चौकातला चहावाला गुंडू एकटाच उभा होता. ठाण्यात चहा पोचवायचा आणि दिसेल त्या पंचनाम्यावर सही करून किटली घेऊन परतायचं, हा त्याचा रोजचा शिरस्ता.

"दुसऱ्याची सही झालीया," हवालदार बोलून गेला.

जयसिंगरावांची कानशिलं तडतडली. झेरॉक्स यायच्या आधीपासून तीस वर्षं त्यांनी कोर्टात पंचनाम्यांच्या नकला उतरवल्या होत्या. प्रत्येकात एक ओळ ठरलेली: 'पोलिसांनी प्रथम आपली अंगझडती देऊ केली, घरमालकाने ती घेण्यास नकार दिला.' तीस वर्षांत एकही घरमालक 'घेतो' म्हणाला नव्हता.

"मग आदी तुमची अंगझडती द्या," ते म्हणाले.

"माझी?"

"तुमी देऊ करायची असती. मी नकार देत न्हाय."

"अवो, ते निस्तं लिवायचं असतंय!"

"मीबी तीस वर्षं निस्तंच लिवलं. आज घेतो. हात वर करा."

गल्ली गोळा झाली होती. बयाबाई पदर खोचून पुढं आल्या. "कर की वर! माझ्या डब्यात घालताना बरा लांब झालता त्यो हात! का खिशात मोटर हाय?"

एक डोळा मिटून, दात खात हवालदारानं हात वर केले. जयसिंगरावांची बायको पारूबाई ताट घेऊन आली. ताटात आधी तंबाखूची डबी पडली, मग रुमाल, मग चार घड्यांचा एक कागद. जयसिंगरावांनी तो उलगडला आणि मोठ्यानं वाचला.

"'जयसिंग कांबळे यांनी पोलिसांची अंगझडती घेण्यास नकार दिला. घराची कसून झडती घेतली. काही मिळून आले नाही.' खाली दोन पंचांच्या सह्या!" त्यांनी कागद हवालदारापुढं नाचवला. "काय गावणार न्हाय हे ठाण्यातच ठरलंतं, तर बयाबाईची वर्षाची चटणी कशापायी नासलासा?"

हवालदार वरमला. "वरनं विचारत्यात सायेब. चार घरं तरी दावाय लागत्यात."

"मग बंगल्यातली दावा की!"

"तितं कुत्री हायत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. जयसिंगराव हसले नाहीत. "पारू, माझा पेन आन," म्हणून ते उंबऱ्यावर बसले आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहायला लागले: 'घरमालकाने पोलिसांची अंगझडती घेतली. तंबाखूची डबी एक, रुमाल एक, झडतीपूर्वीच लिहून तयार केलेला पंचनामा एक, असा मुद्देमाल मिळून आला.' पहिली सही बयाबाईंनी केली, लाल बोटांच्या ठशांसकट. मग कागद गुंडूपुढं आला. त्यानं किटली खाली ठेवली आणि पेन घेतला.

"गुंडू, लगा, आदी वाच तरी!" हवालदार ओरडला.

"वाचू?" गुंडूला खरोखरच नवल वाटलं. "आजवर कदी वाचू दिलतासा?"

आणि त्यानं नेहमीच्या जागी सही ठोकली.