उस्तादांचे खिळ्यांचे जोडे

मुलीने लॉनमध्ये स्क्रूड्रायव्हर खुपसला. तो नखभर आत गेला आणि अडला.

"बाबा, ही माती आहे की फरशी?"

बाबा म्हणजे गल्लीचे उस्ताद. चाळीस वर्षं त्यांनी बूट शिवले होते आणि त्यांच्या हातच्या एकाही बुटाचा तळ आजवर सुटला नव्हता. दुकान बंद केल्यापासून त्यांचा सगळा जीव घरापुढच्या लॉनमध्ये होता. यंदा ते लॉन पिवळं पडलं होतं. कितीही पाणी घाला, वरच्या वर वाहत फाटकाबाहेर जायचं.

मुलगी माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. तिने सुरीने लॉनचा एक तुकडा कापून वर काढला. पिवळ्या पात्यांखाली दोन बोटं जाड, तपकिरी, पायपुसण्यासारखा थर होता.

"या मेलेल्या काड्या आणि मुळं. पाणी यातच अडतं. दाताळ्याने हे सगळं ओरबाडून काढा. खालची माती दबलीय, तिला भोकं पाडायला हवीत. पण ती मी आल्यावर. दुपारी ऑफिसातून अवजार आणते."

"भोकं पाडायला अवजार कशाला? जन्मभर भोकंच पाडलीत मी."

"चामड्याला, बाबा," म्हणत ती निघून गेली.

नऊ वाजेपर्यंत उस्तादांनी कंबरेइतका ढीग काढला. न्हाव्याने हजामत अर्धवट टाकून पळ काढावा, तसं लॉन दिसू लागलं.

"अहो, उरलंय तेवढं तरी राहू द्या," बायको दारातून म्हणाली.

पण उस्तादांचे हात आता शिवशिवत होते. त्यांनी दोन फळ्यांना पाच-पाच इंची खिळे ठोकले, दुहेरी दोऱ्याने पट्टे शिवले आणि बक्कल टाचेमागे लावलं, पुढे गवतात अडकायला नको म्हणून. खिळ्यांचे जोडे तयार! ते घालून ते लॉनवर उभे राहिले. खिळे आत जाईनात. उस्ताद नुसते उंच झाले.

"लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्याहून उंच दिसताय," बायको म्हणाली.

उस्तादांनी जोडे काढले आणि तासभर लॉनच्या मधोमध पाइप सोडून ठेवला. थर निघाल्यामुळे पाणी आता सरळ आत मुरलं. पायरीवर बसून, पाय मांडीवर घेऊन त्यांनी पुन्हा जोडे चढवले. ते मधोमध गेले, आणि खिळे सुर्रकन फळीपर्यंत आत! उस्तादांनी अभिमानाने घराकडे पाहिलं. मग ते उजवा पाय उचलायला गेले. तो उचलला गेला नाही. डावाही नाही. चिकट मातीने दोन्ही जोडे गच्च धरले होते, बक्कल मागे होतं आणि कंबर कित्येक वर्षांत तेवढी वाकली नव्हती. हाक मारावी, तर बायको मुलीला सांगणार. उस्ताद उभे राहिले.

"अहो, चहा!"

"इथेच आण."

बायको चहा घेऊन आली. तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. चहा संपला तशी ती रिकामा कप घेऊन आत गेली आणि टोपी घेऊन परत आली.

"ऊन वाढलंय," एवढंच ती म्हणाली.

शेजारच्या वकीलसाहेबांनी कुंपणावरून डोकं काढलं. "उस्ताद, मघापासून बघतोय. एकाच जागी?"

"निरीक्षण चाललंय. लॉन बघायचं तर हलायचं नसतं."

"ते का?"

"गवत बुजतं."

वकीलसाहेबांनी मान डोलावली आणि पुढचं सगळं ते कुजबुजत बोलले.

एक वाजता मुलगी आली. तिने क्षणभर पाहिलं. "बाबा, बक्कल मागे?"

"पुढे गवतात अडकलं असतं."

तिने बक्कल सोडलं. उस्ताद मोज्यांवर बाहेर आले, जोडे तिथेच राहिले. बायको, मुलगी आणि वकीलसाहेब अशा तिघांनी पहार लावून ते उपटले, तेव्हा मोठा आवाज झाला.

"पाहिलंत?" उस्ताद ओरडले. "एक टाका उसवला नाही!"

"पण माती आणखी दाबलीत तुम्ही," मुलगी आणलेलं अवजार पुढे करत म्हणाली. "खिळा मातीला बाजूला रेटतो. ही पोकळ नळी बघा. ही मातीचा तुकडाच बाहेर काढते."

उस्तादांनी अवजार हातात घेतलं, नळीतून आरपार पाहिलं, धारेवर अंगठा फिरवला.

"अगं, हा तर माझा पंच! चामड्यात टोच्या घातला तर भोक बुजतं, तुकडा काढला तर राहतं."

"तेच सांगत होते."

"पण धार गेलीय याची. ऑफिसात कोण बघतं हे?"

त्यांनी नळीला अशी धार लावून दिली की मुलगी बघतच राहिली. मग बापलेक ओळीने निघाले. ते भोकं पाडायचे, ती त्यात खत आणि वाळू भरायची. ऊन कलेपर्यंत दोघांपैकी कुणी बसलं नाही.

दोन महिन्यांत लॉन असं भरलं की रस्त्यावरची माणसं फाटकाशी थबकू लागली. एका सकाळी अनोळखी गृहस्थ पिशवीत मातीचं ढेकूळ घेऊन आले. उस्तादांनी कॉलर सारखी केली.

"या, या. धार कशी लावायची ते दाखवतो."

"नको, नको. मातीच्या मॅडम इथेच राहतात ना?"

या दारात आजवर जो आला, तो उस्तादांना विचारत आला होता.

"आणि आपण?" गृहस्थांनी विचारलं.

"मी मॅडमचा बाबा," उस्ताद छाती काढून म्हणाले. त्यांनी खुर्ची पुढे केली, ढेकूळ दोन्ही हातांनी घेतलं आणि आत बायकोला हाक दिली,

"अगं, मॅडमना सांग, पेशंट आलाय!"